मला झेपेल, सरिता

रायपूर
मंगळवार, दुपार

प्रिय सरिता,

सत्तावीस वर्षांत मी तुला एकही पत्र लिहिलं नाही. लग्नाआधी लिहायला हवं होतं, पण तुमसरला एकदाच बघणं झालं, दोन महिन्यांत लग्न लागलं, आणि मग तू माझ्याच घरी आलीस. पत्र लिहायला माणूस लांब तरी असावा लागतो. आता तू लेकीकडे, चेतनाकडे नागपूरला जाऊन अकरा दिवस झाले. फोनवर आपण रोज बोलतो. तू विचारतेस, जेवलात का, गोळ्या घेतल्या का, फिरून आलात का. मी तिन्हीला हो म्हणतो. चौथं काही तूही विचारत नाहीस आणि मीही सांगत नाही. ते चौथं लिहायला म्हणून आज अर्धी रजा टाकून तुझ्या शिलाई मशीनच्या टेबलाशी बसलो आहे. अक्षर वाईट आहे, सांभाळून घे. रेल्वेच्या कारखान्यात माझ्या हाताला खडूने वॅगनवर आकडे टाकायची सवय, कागदाची नाही.

घरचं आधी सांगून टाकतो. खालच्या अंजनाबाई रोज संध्याकाळी भाजीची वाटी देतात, तीही बिनमिठाची. म्हणजे तू जाताना त्यांना तंबी देऊन गेलीस हे मला समजलं. तुझ्या तीन गिऱ्हाइकिणी येऊन गेल्या. एकीला दसऱ्याआधी ब्लाऊज हवा होता. मी म्हटलं दसऱ्याआधी जमणार नाही, तर ती ‘हव’ म्हणून निमूट गेली. विहारात वर्षावासाचं वाचन चालू आहे. रविवारी मी गेलो होतो, सगळ्यांनी तुझी चौकशी केली. तेलीबांध्याच्या तलावाला आता मी न थांबता दोन फेऱ्या मारतो आणि समता कॉलनीतले आपले दोन मजले दम न लागता चढतो. हे शेवटचं मुद्दाम लिहिलं. का, ते पुढे येईल.

पाच जानेवारीला मी वॅगनखालून बाहेर आलो आणि छातीवर कोणी जॅक ठेवून दांडा फिरवतंय असं झालं. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तीन नसा बंद निघाल्या, नऊ तारखेला ऑपरेशन झालं, छातीचं हाड कापून तारेनं पुन्हा जोडलं, पायातली नस काढून हृदयाला लावली. मी शुद्धीवर आलो तेव्हा काचेपलीकडे तू उभी होतीस. तुझी साडी चार दिवसांपूर्वीचीच होती. वॉर्डात आल्यावर नर्सनं पायाची पट्टी सोडली, तेव्हा चेतनानं तोंड फिरवलं आणि तू मात्र वाकून टाके बघितलेस. म्हणालीस, “टाका बारीक हाये. चांगल्या हाताचा हाये.” सरिता, त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की मी जगणार. जिनं आयुष्यभर टाके घातले तिनं पसंत केले म्हणजे ते उसवणार नाहीत.

घरी आल्यावर तू काय काय केलंस ते मी कधी बोलून दाखवलं नाही. खोकला आला की छातीशी उशी दाबून धरायची असते. तुझ्या हाताला ती उशी माझ्या खोकल्याआधी सापडायची. तीन चेंडूंचं ते श्वास ओढायचं यंत्र घेऊन तू लहान पोराला बसवावं तसं मला बसवायचीस आणि तिसरा चेंडू वर गेला की स्वतःच श्वास सोडायचीस. पायाचा लांब मोजा चढवताना तू फरशीवर बसायचीस आणि उठताना एकदा पलंगाचा कठडा धरून जरा वेळ तशीच थांबलीस. मी विचारलं काय झालं, तू म्हणालीस पायाला मुंग्या आल्या. मी मानलं. आजारी माणसाला स्वतःच्या दुखण्यापलीकडे दिसत नाही, हे मी आता स्वतःबद्दल शिकलो आहे.

डॉक्टरांनी सहा आठवडे पाठीवर झोपायला सांगितलं होतं. तू झोपेत हात टाकतेस, छातीवर पडेल म्हणून तू समोरच्या खोलीतल्या दिवाणावर झोपायला गेलीस. सहा आठवड्यांची गोष्ट होती. हाड जुळलं, गाडी चालवायची परवानगी आली, हलक्या कामावर रुजू झालो, तरी तू दिवाणावरच राहिलीस आणि मी तुला आत बोलावलं नाही. का बोलावलं नाही, ते आज लिहितो.

मी घाबरलो होतो. मरणाला नाही, त्याची भीती ऑपरेशनआधीच वापरून झाली होती. मी माझ्याच शरीराला घाबरलो होतो. आंघोळीला शर्ट काढला की आरशात गळ्यापासून पोटापर्यंत ती रेघ दिसायची, आणि वाटायचं, हे दुसऱ्याच कुणाचं अंग माझ्या डोक्याखाली लावलं आहे. ज्या माणसानं तीस वर्षं लोखंड उचललं त्याला तू भाजीची पिशवी उचलू देत नव्हतीस. हॉस्पिटलातून मिळालेल्या कागदावर सगळं होतं. तेल किती, मीठ किती, वजन किती उचलायचं, कामावर कधी जायचं. नवराबायकोनं जवळ कधी यायचं, यावर एक ओळ नव्हती. मला वाटलं, लिहिलं नाही म्हणजे आता ते नाहीच. दर महिन्याला तपासणीला जायचो, तोंडाशी प्रश्न यायचा, शेजारी त्यासाठी नागपूरहून आलेली चेतना फाईल धरून उभी असायची, आणि मी विचारायचो, “ड्युटी कब से पूरी मिलेगी?”

मार्चमधला तो रविवार तुला आठवत असेल. तू विहारातून आलीस, पांढरी साडी होती, मी तुझा हात धरला. दार लावलं. आणि मग माझी छाती धडधडायला लागली. ती धडधड पूर्वीही व्हायची, त्यासाठीच तर माणूस जवळ येतो. पण आता मला वाटलं, तार तुटेल, नस सुटेल, मी इथेच पडेन आणि तू कुणाला काय सांगशील. एवढं मनात आल्यावर शरीर कसं साथ देणार? ते विझलं. तू म्हणालीस, “राहू द्या. घाई काय हाये?” आणि माझ्या अंगावर चादर ओढलीस. किती मायेनं ओढलीस ते मला आता कळतं. तेव्हा मला ती पेशंटच्या अंगावर ओढलेली चादर वाटली.

त्यानंतर दोनदा मी तुझ्याजवळ सरकलो आणि दोन्ही वेळा तू बाजूला झालीस. “आज नको, अंग दुखून राहिलं.” मी मनाशी ठरवून टाकलं की तुला माझी किळस येते. नाहीतर दया येते. दोन्हींत मला किळस बरी वाटली. आणि एप्रिलमध्ये, भर दुपारी जेवताना, वरण आळणी आहे एवढ्याशा कारणावरून मी ताट सारलं आणि तुला म्हणालो, “तुले बरंच झालं. आता कोणी त्रास द्यायले येत नाही.” तू ताट उचललंस, आत गेलीस, आणि संध्याकाळपर्यंत मशीन चालत राहिलं. सरिता, त्या वाक्याची माफी मी आजवर मागितली नाही. इथे मागतो. त्यात माझ्या तोंडून माझीच भीती बोलत होती, पण लागली ती तुला.

आता जे लिहितो ते तुला ठाऊक नाही. कारखान्यात राकेश आहे ना, आपल्या घरी एकदा बोरं घेऊन आला होता तो. त्यानं माझं तोंड बघून काय ओळखायचं ते ओळखलं आणि चंदेरी कागदातली एक गोळी माझ्या खिशात घातली. त्याच्या मनात वाईट नव्हतं. म्हणाला, भैया, एक गोली, सब सेट. चार दिवस ती गोळी मी चष्म्याच्या डबीत घेऊन हिंडलो. पाचव्या दिवशी, शनिवारी, तू मैत्रिणीकडच्या हळदीहून उशिरा येणार होतीस, तेव्हा घेऊन ठेवायची असं ठरवलं. त्याच दिवशी माझी नेहमीची औषधं संपली होती म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो. तिथल्या विजयाताई तुला माहीत आहेत, चष्म्याला दोरी लावणाऱ्या, आपल्याशी नेहमी मराठीतच बोलतात. त्या गोळ्या मोजत होत्या आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी डबी उघडून ती गोळी काउंटरवर ठेवली आणि विचारलं, माझ्या औषधांसोबत ही चालेल ना?

त्यांनी गोळी उलटून नाव वाचलं. दुकानात दोन माणसं होती, त्यांना औषधं देऊन वाटेला लावलं. मग मला आतल्या स्टुलावर बसवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “बाबारावभाऊ, छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी तुमच्या खिशात असते ना? ती आणि ही अंगात एकत्र आल्या तर ब्लडप्रेशर असं खाली येईल की ताईंना तुम्हाला उठवता येणार नाही.”   त्यांनी ती गोळी स्वतःच्या खणात टाकली. मला पाणी दिलं. म्हणाल्या, हा प्रश्न लाजेचा नाही, औषधाचा आहे, आणि तो मला नाही, डॉक्टरांना विचारा. मी म्हटलं, तोंडातून निघत नाही. तर त्यांनी बिलाच्या पाठीमागे दोन ओळी लिहिल्या, घडी घातली आणि माझ्या हातात दिली. म्हणाल्या, बोलू नका, नुसतं पुढे करा.

त्या बाईचं ऋण मी कसं फेडू? तू परत आलीस की आपण दोघं जाऊन भेटू. मी एकटा गेलो तर नुसता नमस्कार करून परत येईन.

त्यापुढच्या सोमवारी मी हॉस्पिटलात एकटाच गेलो. चेतनाला म्हटलं, नुसतं रक्त द्यायचं आहे, तू येऊ नको. आत गेल्यावर ती घडी टेबलावर ठेवली आणि खिडकीकडे बघत बसलो. डॉक्टरांनी वाचलं. त्यांनी सोबतच्या दोन शिकाऊ डॉक्टरांना बाहेर पाठवलं, दार लावलं आणि खुर्ची ओढून माझ्या बाजूला येऊन बसले. वयानं आपल्या जावयाएवढे असतील. पण असं बोलले जसं एखादा जुना फोरमन यंत्राबद्दल बोलतो, ना लाज ना हसू. ऑपरेशननंतर बहुतेकांचं असं होतं म्हणाले. थोडा भाग एका ब्लडप्रेशरच्या गोळीचा असतो, ती मी बदलतो, पण तुम्ही मनानं कुठली गोळी बंद करू नका. बाकीचा भाग भीतीचा. मग म्हणाले, चला. आणि मला जिन्याकडे घेऊन गेले. माझ्या बोटाला ते चिमट्यासारखं यंत्र लावलं आणि आम्ही दोघं दोन मजले चढलो, भरभर, एकामागून एक. वर पोचल्यावर त्यांनी आकडा बघितला. दुखतंय का, गरगरतंय का, विचारलं. मी म्हटलं, नाही. तेव्हा ते कठड्याला टेकून म्हणाले, “बस, इससे ज्यादा मेहनत उसमें नहीं है, बाबारावजी.”

सरिता, मी त्या जिन्यात रडलो. नव्या रायपूरचे ते रिकामे रुंद रस्ते खिडकीतून दिसत होते आणि एक छप्पन वर्षांचा माणूस कठडा धरून रडत होता. डॉक्टर थांबले. घाई केली नाही. नंतर त्यांनी आणखी सांगितलं. एकदम परीक्षा देऊ नका, आधी नुसतं एकमेकांजवळ झोपा, हात धरा, बोला. भरल्या पोटी नको, दमलेले असताना नको. छातीत दुखलं तर थांबा आणि मला कळवा. आणि पुढच्या वेळी वहिनींना घेऊन या, भीती त्यांच्याही पोटात असते. एवढं एक मी केलं नाही. घरी येऊन तुला सांगितलं, एक गोळी बदलली. बाकी सगळं गिळलं. तुला तेव्हाच नेलं असतं तर त्या खोलीत तूही काही बोलली असतीस, असं मला आता रोज वाटतं.

त्याच आठवड्यात, आठव, तू दिवाणावर चादर झटकत होतीस आणि मी दारात उभा राहून म्हटलं, “सरिता, आत ये झोपायले.” तू तशीच उभी राहिलीस. मग तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते थांबेना. मी समजलो, आनंदाचं आहे. तू आलीस. भिंतीकडे मी, कडेला तू. किती दिवस आपण फक्त हात धरून झोपलो! तू आधी विचारायचीस, हात ठेवू का, दुखेल का. मग एक दिवस न विचारता तुझा तळवा माझ्या त्या रेघेवर आला आणि तिथेच राहिला. शिवणीवर उलटा हात फिरवून बघावा तसा तू तो वरून खाली फिरवलास. त्या दिवसानंतर आरशातलं अंग मला पुन्हा माझं वाटायला लागलं. औषधानं नाही, फिरण्यानं नाही, त्या तळव्यानं. हे मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं.

आणि जुलैमधली ती सकाळ. नळाला पाणी यायचं होतं, बादल्या लावलेल्या होत्या. काही ठरवलं नव्हतं, म्हणूनच बहुधा झालं. मध्येच छाती धडधडली तेव्हा मी थांबलो, आणि तू घाबरली नाहीस, कान लावून ऐकलंस आणि म्हणालीस, “बरोबर चालून राहिलं.” मग खाली पाणी आलं, अंजनाबाईंनी तुला हाक मारली, आणि तू तोंडावर पदर घेऊन अशी हसलीस की मला लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं. त्या दिवशी कारखान्यात मी उगाच सगळ्यांना चहा पाजला. कुणी विचारलं तर म्हटलं, रिपोर्ट चांगला आला.

पण त्यानंतर तू पुन्हा लांब होत गेलीस. आज नको, उद्या बघू. दिवाणावर नाही गेलीस, पण पाठ करून झोपायला लागलीस. आणि या महिन्यात अचानक म्हणालीस, चेतनाच्या लेकराले ताप येऊन राहिला, तिले रजा नाही, मी जाऊन येतो महिनाभर. महिनाभर! सत्तावीस वर्षांत तू मला आठ दिवसांवर सोडलं नव्हतंस. स्टेशनवर तुला गाडीत बसवलं आणि परत येताना माझ्या मनात तेच जुनं सुरू झालं. ती निघून गेली. एकदा माझं मन राखलं, आता तिला सुटका हवी आहे. अकरा दिवस मी हे चघळलं.

काल जेवणाच्या सुट्टीत चेतनाचा फोन आला. मी डबा उघडून दोन वॅगनमधल्या सावलीत बसलो होतो. ती रडत होती. म्हणाली, “बाबा, आईनं कसम दिली होती, पण मुझसे अब नहीं होता.” आणि मग तिनं सगळं सांगितलं. तुझ्या पिशवीत गाठी आहेत. दीड वर्षापासून आहेत. महिन्यातले बारा-बारा, चौदा-चौदा दिवस अंगावरून जातं. नागपूरला तपासलं तेव्हा रक्त सात भरलं, दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. परवा, गुरुवारी, पिशवी काढायचं ऑपरेशन आहे. लेकराला ताप वगैरे काही नव्हता. आणि हेही सांगितलं की इथल्या डॉक्टरीणबाईंनी तुला डिसेंबरातच ऑपरेशनची तारीख दिली होती, बारा जानेवारी. नवीन वर्ष लागलं की तू मला सांगणार होतीस. पाच तारखेला मी पडलो.

बारा जानेवारीला मला आयसीयूतून वॉर्डात आणलं होतं, सरिता. तू मला चमच्यानं पेज भरवत होतीस. त्या दिवशी तू स्वतः टेबलावर असायला हवी होतीस.

आधी मला राग आला, खोटं कशाला सांगू. माझ्या बायकोचं दुखणं माझ्या पोरीला माहीत, जावयाला माहीत, आणि मला नाही? मग मी तिथेच बसून एकेक आठवत गेलो. पलंगाचा कठडा. पहिल्या मजल्यावर पायरीवर टेकायचीस ते. केसांसाठी म्हणून घ्यायचीस त्या लाल गोळ्या. आणि ते “आज नको.” ते माझ्यापासून लांब जाणं नव्हतंच. तुझ्या अंगातून रक्त जात होतं आणि तू मला ते कळू न देता बाजूला होत होतीस, आणि मी भिंतीकडे तोंड करून तुझ्यावर किळसेचा आरोप ठेवत होतो. जुलैमधली ती एक सकाळ तू तुझ्या थोड्या बऱ्या दिवसांतून काढून मला दिलीस. एवढं मिळाल्यावर माणसानं कुणाचे आभार मानायचे? तुझेच मानतो. हे सगळं पत्र त्यासाठीच आहे असं समज.

चेतनानं आणखी दोन गोष्टी सांगितल्या. तू तिला म्हणालीस, “तुया बाबाले सांगू नको, त्याइचं हृदय आता नाजूक हाये.” हे ऐकल्यावर मी मनगटावर बोटं ठेवून माझी नाडी मोजली. अठ्ठ्याऐंशी. वाढली होती, पण नीट चालत होती. मला झेपेल, सरिता. वॅगन मी आता उचलत नाही, पण तुझं दुखणं मला झेपेल. ते माझ्यापासून लपवलंस तर मात्र मी पुन्हा तसाच पेशंट होईन, चादर ओढून ठेवलेला. मी चार महिने तोंड शिवून बसलो त्यानं आपलं काय झालं ते वर लिहिलंच आहे. तू तेच करू नको. दुसरी गोष्ट सांगताना चेतना अडखळली. तू म्हणालीस म्हणे, पिशवी गेल्यावर मी त्याइच्या काय कामाची? या प्रश्नाचं उत्तर रायपुरात माझ्याशिवाय कुणाकडे नाही, कारण मी तो स्वतःला पाच महिने रोज विचारला आहे. उत्तर तू दिलंस, एक शब्द न बोलता, नुसता हात ठेवून. आता माझी पाळी. सहा आठवडे तुला जड उचलायचं नाही म्हणतात, मग मी उचलीन. त्यानंतर काय, कधी, कसं, ते आपण दोघं मिळून त्या डॉक्टरीणबाईंना विचारू. तोंडातून निघालं नाही तर मी विचारीन, मला आता सवय झाली आहे. आणि विचारूनही काही जमलं नाही, तरी तू शेजारी असलीस की माझं सगळं जमलेलं आहे.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. उद्या सकाळच्या गाडीनं निघतो, आमच्या डॉक्टरांना विचारलं आहे, ते म्हणाले जरूर जा. चेतना तुला सांगणार नाही, आता तिला मी कसम दिली आहे. दवाखान्यात तुझ्याभोवती पोरगी, जावई, तुझी बहीण, सगळे असतील, आणि मला त्यांच्यासमोर यातलं एक वाक्य बोलता येणार नाही. म्हणून सगळ्यांना बाहेर काढीन, हे कागद तुझ्या हातात देईन आणि मीही बाहेर जाईन. सावकाश वाच. मी दाराबाहेरच्या बाकावर बसलो आहे. वाचून झालं की हाक मार.

तुझाच, आणि आता पुरता बरा असलेला,
बाबाराव